सुरीआधी रसायन : अधिवृक्क ग्रंथींच्या शस्त्रक्रियेचा इतिहास

अधिवृक्क ग्रंथी दोन असतात आणि दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारख्या बसलेल्या असतात. उजवी साधारण त्रिकोणी, डावी अर्धचंद्राकृती. प्रत्येकीचे वजन ४ ते ५ ग्रॅम. ग्रंथी कापली तर बाहेरचा पिवळसर थर आणि आतला तपकिरी गाभा नुसत्या डोळ्यांना वेगळे दिसतात. बाहेरच्या थराला बाह्यक आणि गाभ्याला मध्यक म्हणतात. बाह्यकातून कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन आणि काही लैंगिक संप्रेरके रक्तात जातात. मध्यकातून ॲड्रेनलिन आणि नॉरॲड्रेनलिन. ग्रंथीचे आजारही त्याच हिशोबाने येतात. स्राव कमी पडला तर एक आजार, तो वाढला तर दुसरा आणि गाठ झाली तर तिसरा, आणि स्राव वाढण्याच्या मुळाशी बऱ्याचदा गाठच असते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भूल आणि निर्जंतुकीकरण हाती आल्यावर पोटातल्या या खोल कोपऱ्यापर्यंत शल्यविशारदाचा हात पोहोचू लागला. तरीही ही शस्त्रक्रिया भरवशाची व्हायला आणखी साठेक वर्षे गेली. ग्रंथी काढणे तितकेसे अवघड नव्हते; ती काढताना आणि काढल्यानंतर रुग्णाला जगवणे अवघड होते. ते साधले ते प्रयोगशाळेतल्या रसायनशास्त्रामुळे. म्हणून या शस्त्रक्रियेचा इतिहास शस्त्रक्रियागृहाइतकाच त्याच्या बाहेर घडला आहे.

तीन शतकांचे कोडे

रोममध्ये शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या बार्तोलोमेओ युस्ताकी याने १५६४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात या ग्रंथींचे पहिले स्पष्ट वर्णन केले. त्यांचे काम काय, हे मात्र त्याला सांगता आले नाही. १६११ मध्ये डेन्मार्कचा कास्पार बार्थोलिन याने त्या पोकळ असून त्यांत काळे पित्त साठते असे लिहिले. मृत्यूनंतर मध्यक लवकर विरघळतो, त्यामुळे शवविच्छेदनात आत काळसर द्रवाची पोकळी दिसे. ती मुळातच असते, असा त्याचा समज झाला. पुढची शंभर-सव्वाशे वर्षे ही कल्पना टिकून राहिली.

१७१६ मध्ये फ्रान्समधील बोर्दो येथील विद्वत्सभेने या ग्रंथींच्या उपयोगावर बक्षीस लावून निबंध मागवले. आलेले निबंध तपासण्याचे काम मोंतेस्किय याच्याकडे होते. पुढे राज्यशास्त्रातील लेखनामुळे जगप्रसिद्ध झालेल्या या विचारवंताने १७१८ मध्ये आपला अहवाल दिला. एकही स्पष्टीकरण पटण्याजोगे नसल्याने बक्षीस कोणालाच मिळाले नाही. उत्तराच्या दिशेने पहिले पाऊल पडायला आणखी सव्वाशे वर्षे लागली.

ॲडिसनचे निरीक्षण

लंडनच्या गायज हॉस्पिटलमधील टॉमस ॲडिसन हे खरे तर एका वेगळ्याच आजाराच्या, घातक रक्तक्षयाच्या, शोधात होते. त्या रुग्णांची शवविच्छेदने करताना काही जणांच्या अधिवृक्क ग्रंथी नासलेल्या आढळल्या. अशा रुग्णांची लक्षणे ठरावीक होती. अंगातली ताकद महिनोन्महिने ओसरत जाई, भूक मरे, उलट्या होत, नाडी क्षीण होई आणि कातडी सावळी, काळपट होत जाई. १८५५ मध्ये ॲडिसन यांनी ११ रुग्णांची हकिकत चित्रांसह पुस्तकरूपाने मांडली. बऱ्याच जणांच्या ग्रंथी क्षयरोगाने पोखरल्या होत्या, काहींत कर्करोग पसरलेला होता. लंडनमध्ये अनेकांनी शंका घेतल्या, पण पॅरिसच्या त्रूसो यांनी या विकाराला ॲडिसनचेच नाव दिले.

१८५६ मध्ये ब्राउन-सेकार यांनी पॅरिसमध्ये प्राण्यांच्या दोन्ही ग्रंथी काढून पाहिल्या. प्राणी काही तासांत मेले, तेव्हा या ग्रंथींवाचून जगता येत नाही असा निष्कर्ष त्यांनी काढला. दुसऱ्या संशोधकांच्या प्रयोगांत काही उंदीर जगले, म्हणून वाद माजला. उंदरांच्या शरीरात या ग्रंथींच्या ऊतीचे सुटे अंश इतरत्रही असू शकतात, हे नंतर कळले. त्याच साली व्हुल्प्यां यांनी ग्रंथीच्या छेदावर लोहाचा क्षार टाकला. मध्यक हिरवा झाला, बाह्यक तसाच राहिला. आतल्या गाभ्यात एक वेगळे रसायन असून ते रक्तात मिसळते, याचा हा पहिला पुरावा होता.

ते रसायन हाती यायला अर्धे शतक लागले. इंग्लंडमधील जॉर्ज ऑलिव्हर आणि एडवर्ड शेफर यांनी १८९४ च्या सुमारास ग्रंथीचा अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला, तेव्हा रक्तदाब झपाट्याने चढला. १९०१ मध्ये अमेरिकेत काम करणारे जपानी रसायनशास्त्रज्ञ जोकिची ताकामिने यांनी ॲड्रेनलिन स्फटिकरूपात मिळवल्याचे जाहीर केले. शुद्ध स्वरूपात वेगळे काढलेले हे पहिले संप्रेरक. ते औषध म्हणून लगेच खपू लागले. ॲडिसनच्या रुग्णांना मात्र त्याचा उपयोग झाला नाही. जगण्यासाठी अत्यावश्यक भाग मध्यक नसून बाह्यक आहे, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतील प्रयोगांनी दाखवले.

अंधारातील शस्त्रक्रिया

१८८९ मध्ये लंडनच्या नोल्सली थॉर्नटन यांनी एका स्त्रीच्या पोटातून सुमारे ९ किलो वजनाची अधिवृक्क ग्रंथीची गाठ डाव्या मूत्रपिंडासह काढली. तिच्या चेहऱ्यावर आणि अंगावर पुरुषांसारखे केस वाढले होते. ती शस्त्रक्रियेतून वाचली. गाठ हाताला लागत होती, म्हणून ती काढली गेली. केस आणि गाठ यांचा संबंध काय, हे सांगण्याइतके शास्त्र तेव्हा पुढे गेले नव्हते.

मध्यकाच्या गाठीची गोष्ट अशीच. १८८६ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे फेलिक्स फ्रेंकेल यांनी एका १८ वर्षांच्या मुलीची हकिकत नोंदवली. तिला अधूनमधून छातीत धडधड, धास्ती, डोकेदुखी आणि ओकाऱ्या यांचे झटके येत. ती अचानक दगावली आणि शवविच्छेदनात दोन्ही अधिवृक्क ग्रंथींत गाठी सापडल्या. या गाठीला फिओक्रोमोसायटोमा हे नाव १९१२ मध्ये बर्लिनचे विकृतिशास्त्रज्ञ लुडविग पिक यांनी दिले.

जिवंत माणसाच्या शरीरातून अशी गाठ प्रथम यशस्वीपणे काढली गेली ती १९२६ मध्ये, आणि तीही एकाच वर्षात दोनदा : फेब्रुवारीत स्वित्झर्लंडमधील लोझान येथे सेझार रू यांनी आणि ऑक्टोबरमध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर येथे चार्ल्स मेयो यांनी. मेयो यांची रुग्ण कॅनडातून आलेली ३० वर्षांची ख्रिस्ती जोगीण होती. तिला डोकेदुखी आणि ओकाऱ्यांचे झटके येत आणि त्या वेळी रक्तदाब भयंकर चढे. दोष नसांच्या जाळ्यात असावा अशा अंदाजाने मेयो यांनी पोट उघडले आणि समोर गाठ आली. ती काढल्यावर झटके थांबले. आपण काय काढले हे त्यांना त्या दिवशी पुरते ठाऊक नव्हते. पूर्वतयारी नसताना ही जोगीण वाचली. पुढे अशा स्थितीत शस्त्रक्रिया झालेले कितीतरी रुग्ण टेबलावरच गेले. निदान आधी आणि शस्त्रक्रिया नंतर, असा क्रम पहिल्यांदा बाल्टिमोरमध्ये लागला. तिथे १९२९ मध्ये मॉरिस पिंकॉफ्स यांनी लक्षणांवरून गाठ ओळखली आणि आर्थर शिप्ली यांनी ती काढली.

त्या काळी गाठ कोणत्या बाजूला आहे हेही पोट उघडल्याशिवाय कळत नसे. म्हणून १९३६ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या ह्यू यंग यांनी रुग्णाला पालथे झोपवून पाठीवर दोन्हीकडे छेद घेण्याची पद्धत मांडली. दोन्ही ग्रंथी एकाच वेळी डोळ्यांसमोर ठेवून मग कोणती काढायची ते ठरवायचे, हा तिचा हेतू.

कॉर्टिसोन येईपर्यंत

बॉस्टनचे मेंदूशल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी १९१२ मध्ये एका २३ वर्षांच्या तरुणीचे वर्णन प्रसिद्ध केले. धड स्थूल, हातपाय बारीक, चेहरा गोल, पोटावर जांभळट पट्टे, पाळी बंद. १९३२ मध्ये अशा अनेक रुग्णांचा अभ्यास करून त्यांनी या विकाराचा दोष पोष (पिट्युटरी) ग्रंथीतील छोट्या गाठीवर ठेवला. तो बहुतेक रुग्णांत खरा निघाला, पण काहींत मूळ गाठ अधिवृक्क ग्रंथीतच असते.

अशी गाठ काढणाऱ्यांना एक विचित्र अनुभव येई. शस्त्रक्रिया सुरळीत होई, रक्तस्राव नसे, जखम स्वच्छ असे. आणि एक-दोन दिवसांत रुग्णाचा रक्तदाब कोसळे, ताप चढे आणि तो दगावे. कारण पुढे उमगले. गाठ वर्षानुवर्षे वारेमाप कॉर्टिसॉल ओतत असल्याने पोष ग्रंथीकडून येणारा हुकूम थांबलेला असतो आणि दुसऱ्या बाजूची निरोगी ग्रंथी सुकत जाते. गाठ निघताच शरीराला कॉर्टिसॉल मिळणेच बंद होते. म्हणजे शस्त्रक्रियेने एका आजारातून सुटलेला रुग्ण थेट ॲडिसनच्या आजारात जाऊन पडत असे.

यावरचा तोडगा टप्प्याटप्प्याने आला. १९३० मध्ये स्विंगल आणि फिफनर यांनी बाह्यकाचा प्रभावी अर्क तयार केला. त्यासाठी कसाईखान्यातून जनावरांच्या ग्रंथी ढिगांनी आणाव्या लागत. १९३२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या रॉबर्ट लोब यांनी ॲडिसनच्या रुग्णांच्या शरीरातून सोडियम वाहून जाते हे दाखवले, तेव्हा साध्या मिठानेही काही जण तगू लागले. १९३७ मध्ये झुरिकमध्ये राइखश्टाइन यांनी डिसॉक्सिकॉर्टिकोस्टेरॉन कृत्रिमरीत्या बनवले; त्याच्या गोळ्या कातडीखाली पुरून ठेवत.

मेयो क्लिनिकचे एडवर्ड केंडल आणि स्वतः राइखश्टाइन यांनी बाह्यकातून संप्रेरके एकेक करून वेगळी काढली. त्यांतले एक पुढे कॉर्टिसोन म्हणून ओळखले गेले. मर्क कंपनीतील लुइस सॅरेट यांनी १९४४ मध्ये ते बैलाच्या पित्तातील आम्लापासून तीसहून अधिक टप्प्यांत तयार केले. सप्टेंबर १९४८ मध्ये मेयो क्लिनिकचे फिलिप हेंच यांनी ते संधिवाताच्या रुग्णाला दिले आणि गुणाची बातमी जगभर झाली. १९५० चे नोबेल केंडल, राइखश्टाइन आणि हेंच यांना मिळाले. १९५२ मध्ये अपजॉन कंपनीने बुरशीच्या साह्याने एक अवघड टप्पा पार केल्यावर औषध स्वस्त झाले.

गाजावाजा संधिवाताचा झाला, पण अधिवृक्क ग्रंथींच्या शस्त्रक्रियेचे रूपही याच औषधाने पालटले. शस्त्रक्रियेच्या आधी, दरम्यान आणि नंतर कॉर्टिसोन देऊन दोन्ही ग्रंथी काढल्या तरी माणूस जगू लागला. स्तनाच्या आणि पुरःस्थ ग्रंथीच्या पसरलेल्या कर्करोगातही शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दोन्ही ग्रंथी काढण्याचा उपाय अवलंबला. पुढे औषधे आली आणि तो मागे पडला.

या बदलाचे एक उदाहरण वैद्यकीय नियतकालिकात नाव न देता छापले गेले आहे. ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ॲडिसनचा आजार असलेल्या ३७ वर्षांच्या पुरुषाच्या पाठीच्या कण्यावर शस्त्रक्रिया झाली आणि स्टेरॉइडच्या आधारावर तो वाचला. १९५५ च्या त्या लेखातील रुग्ण म्हणजे त्या वेळचे सिनेटर जॉन केनेडी, हे नंतर उघड झाले. त्यांच्या आजाराचे निदान १९४७ मध्ये लंडनला झाले होते. दहा वर्षे आधी अशी शस्त्रक्रिया करायला क्वचितच कोणी धजले असते.

रक्तदाबामागच्या दोन गाठी

दुसऱ्या महायुद्धात मिशिगन विद्यापीठाचे जेरोम कॉन यांनी उष्ण प्रदेशातील सैनिकांचे शरीर उन्हाला कसे सरावते याचा अभ्यास केला होता. सरावलेल्या माणसाच्या घामात मीठ कमी होते, हे त्यांनी मोजून पाहिले होते. एप्रिल १९५४ मध्ये त्यांच्याकडे ३४ वर्षांची एक स्त्री आली. कित्येक वर्षे तिचे पाय मध्येच लुळे पडत, हातांना आचके येत. रक्तदाब वाढलेला, रक्तात पोटॅशियम फारच कमी. कॉन यांनी तिचा घामही तपासला. त्यात सोडियम नगण्य होते. शरीर मीठ धरून ठेवत होते, पण उन्हाचे कारण नव्हते. लंडनच्या सिल्व्हिया सिम्पसन आणि जेम्स टेट यांनी आदल्याच वर्षी अल्डोस्टेरॉन वेगळे काढले होते. हे संप्रेरक या रुग्णाच्या ग्रंथीत अति प्रमाणात तयार होत असावे, असे अनुमान कॉन यांनी बांधले. गरज पडली तर दोन्ही ग्रंथी काढायच्या अशी तयारी ठेवून डिसेंबरमध्ये विल्यम बॉम यांनी शस्त्रक्रिया केली. उजव्या ग्रंथीत सुमारे ४ सेंटिमीटरची गाठ निघाली. ती काढल्यावर रक्तातील क्षार पूर्ववत झाले. आजार आधी कागदावर मांडला गेला आणि गाठ नंतर सापडली, याचे हे ठळक उदाहरण.

फिओक्रोमोसायटोमाचे निदान अधिक धोक्याचे होते. १९४५ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये हिस्टामिन टोचून मुद्दाम झटका आणवण्याची चाचणी निघाली. तीच कधी जिवावर बेते. १९५७ मध्ये मार्व्हिन आर्मस्ट्राँग यांनी लघवीतून बाहेर पडणारे व्हीएमए हे रसायन ओळखले, तेव्हापासून बाटलीतील २४ तासांच्या लघवीवरून गाठ ओळखता येऊ लागली. आज रक्तातील किंवा लघवीतील मेटानेफ्रिन मोजतात.

निदान झाले तरी घाईने शस्त्रक्रिया करत नाहीत. फेनॉक्सिबेन्झामिनसारखे अल्फा-रोधक औषध निदान एक-दोन आठवडे देऊन आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करतात, मीठ आणि पाणी भरपूर देऊन रक्ताचे आकारमान वाढवतात. नाडी फार जलद असेल तर बीटा-रोधक देतात, पण अल्फा-रोधकानंतरच. क्रम उलटला तर रक्तदाब आणखी भडकतो. शस्त्रक्रियेत गाठीला हात लागताच ॲड्रेनलिन सुटते आणि रक्तदाबाचा आकडा क्षणात वर जातो. भूलतज्ज्ञ तो औषधाने खाली आणतात. गाठीची शीर बांधली की चित्र उलटते. ॲड्रेनलिनचा पुरवठा तुटून दाब घसरतो, आणि तो सावरण्यासाठी सलाइनची आणि दाब चढवणाऱ्या औषधांची तयारी आधीपासून लागते. या तयारीमुळे एकेकाळी भयाण असलेले मृत्यूचे प्रमाण अनुभवी केंद्रांत अगदी खाली आले.

कुशिंगच्या आजाराचा उलगडाही प्रयोगशाळेनेच केला. १९६० मध्ये ग्रँट लिडल यांनी डेक्सामेथासोन देऊन कॉर्टिसॉल दबते की नाही हे पाहण्याची चाचणी दिली. दोष पोष ग्रंथीत की अधिवृक्क ग्रंथीत, हे तिच्यामुळे ठरू लागले. आधी पोष ग्रंथीत दोष असलेल्या रुग्णांच्याही दोन्ही अधिवृक्क ग्रंथी काढत. त्यांतील काहींत पोष ग्रंथीतील गाठ वाढून कातडी काळवंडते, हे डॉन नेल्सन यांनी १९५८ मध्ये नोंदवले. पुढे माँट्रियलच्या ज्यूल हार्डी यांनी सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने नाकावाटे पोष ग्रंथीतील गाठ काढण्याचे तंत्र रूढ केले आणि दोन्ही ग्रंथी काढण्याची वेळ क्वचित येऊ लागली.

न शोधता सापडलेल्या गाठी

१९७० च्या दशकापर्यंत गाठीची जागा कळण्याचे मार्ग ओबडधोबड होते. मूत्रपिंडाभोवती हवा भरून एक्स-रे काढत, किंवा शिरांत रंगद्रव्य सोडत. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सीटी स्कॅनने हे सारे मागे टाकले. १९८० च्या आसपास मिशिगन विद्यापीठातच एमआयबीजी हे किरणोत्सारी द्रव्य तयार झाले. ते मध्यकाच्या गाठीत साठते आणि शरीरात कुठेही लपलेली गाठ दाखवते.

स्कॅनने एक नवा प्रश्नही उभा केला. मूतखड्यासाठी किंवा पोटदुखीसाठी केलेल्या तपासणीत अधिवृक्क ग्रंथीत अचानक गाठ दिसू लागली. पोटाच्या सीटी स्कॅनमध्ये सुमारे शंभरात चार जणांत ती आढळते आणि बहुतेक गाठी निरुपद्रवी असतात. तेव्हा प्रत्येक गाठीपुढे दोन प्रश्न ठेवतात : ती संप्रेरक सोडते का, आणि ती कर्करोगाची आहे का? पहिल्याचे उत्तर रक्त-लघवीच्या चाचण्या देतात. दुसऱ्यासाठी गाठीची घनता मोजतात. ती एकसारखी आणि १० हाउन्सफील्ड एकक किंवा त्याहून कमी असेल तर गाठ चरबीयुक्त, साधी मानतात. फिओक्रोमोसायटोमा नाही याची खात्री होईपर्यंत सुईने तुकडा घेत नाहीत, कारण तेवढ्यानेही जीवघेणा झटका येऊ शकतो.

अल्डोस्टेरॉनच्या बाबतीत स्कॅन पुरेसा ठरत नाही. गाठ दिसते एका बाजूला आणि स्राव येतो दुसरीकडून, असेही घडते. म्हणून दोन्ही ग्रंथींच्या शिरांतून वेगवेगळे रक्त घेऊन तुलना करतात. हे तंत्र १९६७ पासूनचे. उजवी शीर आखूड असून थेट महाशिरेत उघडते, त्यामुळे तिच्यात नळी घालणे कौशल्याचे काम आहे. शस्त्रक्रियेतही धोका त्याच शिरेचा. ती फाटली तर रक्त आवरणे कठीण होते. डावी शीर लांब असून मूत्रपिंडाच्या शिरेला मिळते.

छेद लहान होतो

ग्रंथी लहान, पण तिथवर पोहोचण्यासाठी पोटावर, कुशीत किंवा पाठीवर लांबलचक छेद घ्यावा लागे. पाठीकडून जाताना बारावी बरगडीही काढत. १९९२ मध्ये माँट्रियलच्या मिशेल गान्ये यांनी दुर्बिणीतून ही ग्रंथी काढलेल्या तीन रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. जपानमध्येही त्याच सुमारास असे प्रयत्न झाले. रुग्णाला कुशीवर झोपवून पोटात कार्बन डायऑक्साइड भरायचा, छोट्या छिद्रांतून दुर्बीण आणि हत्यारे घालायची, उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा बाजूला सारायची, ही ती रीत. जर्मनीतील एसेनचे मार्टिन व्हाल्ट्स यांनी १९९० च्या दशकात पाठीकडून दुर्बिणीने जाण्याची पद्धत घडवली. तीत पोटाच्या पोकळीत शिरावे लागत नाही आणि रुग्णाची कूस न बदलता दोन्ही ग्रंथी काढता येतात. काही वर्षांतच दुर्बिणीची शस्त्रक्रिया हीच नेहमीची झाली. मोठ्या किंवा कर्करोगाची शंका असलेल्या गाठी मात्र अजूनही बहुधा पोट उघडून, आवरण न फोडता काढतात. बाह्यकाच्या कर्करोगावरील मायटोटेन हे औषध डीडीटीच्या कुळातले आहे. त्या कुळातील रसायनाने कुत्र्यांची बाह्यके सुकतात, हे १९४९ मध्ये आढळले होते.

जनुके आणि भारतातील स्थिती

फिओक्रोमोसायटोमाबद्दल दहा टक्क्यांचा नियम जुन्या पुस्तकांत असे : दहा टक्के दोन्ही बाजूंना, दहा टक्के ग्रंथीबाहेर, दहा टक्के आनुवंशिक. जनुकांच्या अभ्यासाने तो मोडला. आज तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक रुग्णांत आनुवंशिक बदल सापडतो, म्हणून जनुकीय चाचणी सुचवली जाते. फ्रेंकेल यांच्या १८८६ च्या रुग्णाच्या नातेवाइकांचा माग काढून २००७ मध्ये त्या कुटुंबात रेट या जनुकातील बदल दाखवण्यात आला. असा बदल असलेल्यांना थायरॉइडचा कर्करोगही होतो. दोन्ही ग्रंथींत गाठी असतील तर बाह्यकाचा थोडा भाग राखून शस्त्रक्रिया करतात, म्हणजे रुग्णाला जन्मभर गोळ्यांवर राहावे लागत नाही.

पाश्चात्त्य देशांत ॲडिसनच्या आजाराचे मुख्य कारण आता स्वप्रतिकारशक्तीचा बिघाड हे आहे. भारतात क्षयरोग आणि हिस्टोप्लाझ्मा या बुरशीचा संसर्ग यांचा वाटा अजून मोठा आहे. त्यामुळे दोन्ही ग्रंथी सुजलेल्या दिसल्या तर इथला डॉक्टर कर्करोगाबरोबर संसर्गाचाही विचार करतो; त्यावर सुरीची नव्हे, औषधांची गरज असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा अंतःस्रावी विभाग आणि लखनौच्या संजय गांधी संस्थेचा अंतःस्रावी शल्यविभाग यांनी या विकारांवर सातत्याने काम केले आहे. अशा केंद्रांत अंतःस्रावतज्ज्ञ, क्ष-किरणतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि शल्यविशारद एकत्र बसून कोणाची ग्रंथी काढायची, कोणावर औषधोपचार करायचा आणि कोणाला नुसते नजरेखाली ठेवायचे हे ठरवतात. गाठ काढून झाल्यावरही काम संपत नाही. कॉर्टिसॉलची गाठ निघालेल्या रुग्णाला दुसरी ग्रंथी जागी होईपर्यंत काही महिने हायड्रोकॉर्टिसोन द्यावे लागते, आणि फिओक्रोमोसायटोमाच्या रुग्णाची तपासणी दरवर्षी, अनेक वर्षे चालू राहते.